किती एचपीची?

बोअरमधून मोटर वर काढायची म्हटली की आमच्याकडं माणसं न बोलावता जमतात. चेनपुलीचा खडखडाट सुरू झाला की शेजारच्या आखाड्यावरचा गडी येतो, रस्त्यानं चाललेला पाव्हणा मोटरसायकल स्टँडला लावून बांध ओलांडतो, आणि ज्याच्याशी त्याच बांधावरून कोर्टात केस चालू आहे तो भाऊबंदसुद्धा हात मागं बांधून जरा अंतरावर उभा राहतो. पाइपामागून पाइप निघतात. शेवटी ती लांबुळकी पाणबुडी मोटर चिखलानं माखून जमिनीवर आडवी होते. मग एक जण खाली वाकून वास घेतो. "जळली." दुसरा शाफ्टला हात देऊन बघतो. "न्हाई, जाम झालीय." तिसरा जवळही येत नाही, लांबूनच सांगतो, "रात्री फेज गेला आसंल." आजारी माणसाला भेटायला येणारे निदान बिस्किटाचा पुडा आणतात. मोटरला भेटायला येणारे नुसतं निदान आणतात.

आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघतं. तीन फेजपैकी एक गेला की मोटर घुमते पण फिरत नाही, तशीच चालू राहिली तर उरलेल्या दोन फेजवर भार येऊन वायंडिंग जळतं, हे इथल्या सातवीतल्या पोराला ठाऊक असतं, आणि ते त्याला विज्ञानाच्या बाईंनी शिकवलेलं नसतं. तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल केली की मोटर उलटी फिरते, आणि उलटी फिरली की पाणी येतं पण करंगळीएवढं, हेही ठाऊक. पाणबुडी मोटर पाण्यानंच गार होते, म्हणून पाणी संपल्यावर ती चालू राहिली तर तिचाही खेळ संपला, हे लातूरकडं तर कुणाला सांगायची सोयच नाही. एप्रिल २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच्या भोवतालच्या गावांत कोरड्या बोअरमध्ये किती मोटरी घुमून घुमून गेल्या त्याची मोजदाद वायंडिंगच्या दुकानदारांनाच माहीत. पंचक्रोशीत डॉक्टर नसेल एखाद्या वेळी, पण मोटर भरून देणारा असतोच.

अशा या मुलखात ड्रोन आला.

आला तो आधी पडद्यावर. २००९ च्या 'थ्री इडियट्स'मध्ये चार पंख्यांचं एक यंत्र वसतिगृहाच्या खिडकीपर्यंत उडत जातं. ते मुंबईच्या आयआयटीतून निघालेल्या पोरांच्या 'आयडियाफोर्ज' कंपनीनं बनवलेलं होतं, आणि खरोखर उडत होतं. आम्हाला तेव्हा ते सिनेमातलं वाटलं, म्हणजे खोटं. मग काही वर्षांनी तो लग्नात आला, आणि आला तो राहिलाच. आता मुलीचा बाप बँड, घोडा आणि आचारी ठरवतानाच विचारतो, "ड्रोन हाय ना?" माझं स्वतःचं मत विचाराल तर लग्न वरून बघण्यात अर्थ नाही. नवरा-नवरी दोन ठिपके दिसतात, मंडपाचं कापड तेवढं झकास दिसतं, आणि जेवणावळीत कोण किती वेळा बसलं याचा पुरावा तयार होतो. वरूनच बघायचं तर लातूरची गंजगोलाई बघावी. मधोमध जगदंबेचं देऊळ, भोवती गोल बाजारपेठ आणि तिच्यातून चहूकडं निघालेले १६ रस्ते. जमिनीवरून माणूस तिथं फक्त चुकतो. कुठं चुकला ते ड्रोनमधून कळतं.

पुढं सरकारी ड्रोन आले. एप्रिल २०२० मध्ये केंद्रानं जाहीर केलेल्या 'स्वामित्व' योजनेत गावठाणाची मोजणी आकाशातून झाली. आदल्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्या जागेच्या हद्दीवर चुन्याची फक्की मारायची, म्हणजे वरच्या कॅमेऱ्याला रेघ दिसते. त्या एका दिवसात काही घरं दोन-दोन हातांनी ऐसपैस झाली असं म्हणतात. खरंखोटं तलाठ्यालाच माहीत. आणि २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडाला बीड-जालन्याकडच्या गावांवर रात्री-अपरात्री ड्रोन घिरट्या घालतात अशा बातम्या आल्या, तेव्हा लोक काठ्या घेऊन रात्र-रात्र जागले. त्या दिवसांत लग्नाचं शूटिंग करणारी पोरं अंधार पडायच्या आत ड्रोन बॅगेत घालून, बॅग डिकीत टाकून, डिकीवर सतरंजी टाकून घरी येत.

पण लग्न असो, मोजणी असो की नुसती अफवा, भोवती जमलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. किती उंच जातो, किती लांब जातो, किती रुपयांचा, हे सगळं नंतर. आधी विचारतात, "मोटर किती एचपीची हाय?"

हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. लग्नात दिसणारे पुष्कळसे ड्रोन २५० ग्रॅमच्या आतले असतात. २०२१ च्या ड्रोन नियमांत एवढ्या वजनाच्या यंत्राला 'नॅनो' म्हणतात आणि ते उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, म्हणून तेच लोकप्रिय. (विमानतळापासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवायचं नाही, हा नियम मात्र त्यालाही आहे. नांदेडचा विमानतळ शहराला किती खेटून आहे ते ज्यानं त्यानं आठवावं.) अशा ड्रोनची बॅटरी साधारण १७ वॉट-अवरची, आणि ती चालते जेमतेम अर्धा तास. म्हणजे हवेत तरंगायला ३५ वॉटच्या आसपास. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट. भागाकार करा: चारी मोटरी मिळून एचपीचा विसावा हिस्सा. हॉर्सपॉवर तर सोडाच, ही शेळीपॉवरसुद्धा नाही. तेवढ्यावर ते वर जातं, वाऱ्यात जागचं हलत नाही आणि वरून नवरदेवाच्या मावशीला हुडकून काढतं. हे गणित सांगितलं की पारावरच्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा होतो. ज्यानं जन्मभर पाच एचपीची ओढाताण केली, त्याला हा हिशेब पटत नाही.

आतली मोटर उघडून दाखवली तर मात्र लगेच पटतं, कारण ती त्याच्या ओळखीची निघते. आत तांब्याच्या तारेची वेटोळी, ती जागची हलत नाहीत. बाहेरून चुंबकं लावलेली वाटी, ती फिरते. ब्रश नाहीत. बॅटरीतून दोनच वायरी येतात, पण मोटरीत जातात तीन. मधल्या एका चपट्या पट्टीत बसलेली इलेक्ट्रॉनिक्सची मंडळी बॅटरीच्या सरळ करंटचे तीन फेज करून आळीपाळीनं तिन्ही वेटोळ्यांना देतात. डीपी, स्टार्टर आणि लाइनमन, तिघंही नखाएवढ्या जागेत, आणि लाइनमन चोवीस तास हजर. अलीकडं घराघरात लागलेले बीएलडीसी पंखे याच जातीचे. जत्रेत मिळणारे खेळण्यातले ड्रोन वेगळे. त्यांच्या मोटरीत ब्रश असतात, ते काही तासांत झिजतात आणि मोटर टाकून द्यावी लागते. त्यांचा आणखी एक ठरलेला आजार म्हणजे केस. घरातल्या मुलींच्या वेण्यांतून उडालेला ड्रोन पात्याखालच्या दांडीवर केसांचा गुंडा घेऊनच उतरतो आणि मग एका अंगानं लंगडत राहतो. चिमट्यानं केस काढले की निम्मे ड्रोन बरे होतात. बाकीच्या निम्म्यांना बरं करायच्या भानगडीत पडू नये.

चार मोटरींत दोन सुलट्या फिरतात, दोन उलट्या. समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या एका दिशेनं. तसं केलं नाही तर ड्रोन स्वतःभोवतीच गरगरत बसेल. म्हणून पातीही दोन प्रकारची, आणि कुठलं पातं कुठल्या मोटरीला ते ओळखायला त्यांवर खूण असते. ती खूण एवढी बारीक, की ज्याला चाळिशी लागली आहे त्यानं पाती बदलायच्या फंदात पडू नये. माझा पुतण्या लातूरला लग्नाचं शूटिंग करतो. त्याला चाळिशी नाही, घाई आहे. एकदा हळदीच्या गडबडीत त्यानं पात्यांची अदलाबदल केली. ड्रोननं जमीन सोडायच्या आतच कोलांटी मारली आणि हळदीच्या परातीशेजारी पाय वर करून पडला. एक आजोबा म्हणाले, "उलटी फिरू लालीय रं. दोन वायरी बदल." निदान तंतोतंत, उपाय तेवढा वायरींऐवजी पात्यांचा होता.

आमच्या भागातल्या ड्रोनला होणारे आजार पुस्तकात दिलेले नाहीत, कारण पुस्तकं लिहिणारे कधी गोदावरीच्या वाळूत उतरलेले नाहीत. नांदेडला पोरं ड्रोन घेऊन आधी नदीवर जातात. घाट, पूल, संध्याकाळचं पाणी, सगळं चांगलं. फक्त उतरवतात वाळूत. लहानपणी फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून ज्यानं वाळूतून ओढलं आहे त्याला पुढचं सांगायला नको. चुंबकाला काळी मिशी फुटते. आपला सगळा मुलूख दख्खनच्या काळ्या खडकाचा, आणि त्या खडकात मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज बारीक कणांनी विखुरलेलं असतं. खडक झिजतो, कण ओढ्यानाल्यांनी नदीत येतात आणि वाळूत वाट बघत बसतात. ड्रोनच्या वाटीत असतात निओडिमियमची चुंबकं. १९८० च्या दशकात जपान आणि अमेरिकेत शोध लागलेली, आकाराच्या मानानं ताकद अचाट. पंख्याच्या वाऱ्यानं वाळू उडाली की काळे कण नेमके तिथं जाऊन चिकटतात. चुंबक आणि वेटोळी यांच्यात अंतर एक मिलिमीटरसुद्धा नसतं. दुसऱ्या दिवशी वाटीला बोट लावून फिरवलं की करकर ऐकू येते.

इथं पोरं ड्रोन घेऊन पंक्चरच्या दुकानात जातात आणि कॉम्प्रेसरची हवा मारून घेतात. त्यानं समाधान पुष्कळ मिळतं. पण चुंबकाला धरून बसलेला कण हवेला दाद देत नाही, आणि जी धूळ सुटी होती ती त्या जोरानं थेट बेअरिंगमध्ये जाऊन बसते. काडीला चिकटपट्टी उलटी गुंडाळून एकेक कण उचलून घ्यावा लागतो, कॅमेऱ्याच्या रबरी फुग्यानं हळू हवा द्यावी लागते. तीळ निवडण्याइतका धीर ज्याच्याकडं आहे त्यानंच नदीवर ड्रोन न्यावा. बाकीच्यांनी निदान ताडपत्री तरी न्यावी.

माळेगावच्या जत्रेतला आजार आणखी वेगळा. नांदेडहून लातूरला जाताना लोह्याच्या पुढं रस्त्यावरच खंडोबा आहे. मार्गशीर्षात तिथं घोडे, गाढवं, उंट आणि सगळ्या महाराष्ट्रातली माणसं असा बाजार भरतो, की वरून चित्र घ्यायचा मोह कुणालाही व्हावा. खाली येळकोट होतो, भंडारा उधळला जातो, आणि खाली झेपावलेला ड्रोन पिवळा होऊन परततो. भंडारा चुंबकाला चिकटत नाही, पण बेअरिंगमध्ये तेलाचा थेंब असतो, त्याला चिकटतो आणि त्याची पेस्ट होते. पुतण्यानं अशी एक मोटर आठवडाभर पुसली. ड्रोन देवाचा प्रसाद खाऊन आलाय, म्हणून तिच्यात तेल घालू का नको, हा प्रश्न त्यानं त्याच्या आजीला विचारला होता. आजी म्हणाली, "एक थेंब घाल. देवालाबी लई तेल सोसत न्हाई."

लग्नातल्या अक्षतांचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. मंगलाष्टकं संपताना पोरं ड्रोन अगदी डोक्यांवर आणतात, आणि त्याच क्षणी पाचशे हात वर जातात. तांदळाचा दाणा मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या पात्यावर आपटला की पात्याच्या कडेला टवका उडतो, डोळ्यांना न दिसणारा. त्या कडेवरून नख फिरवलं तर कळतं. एवढ्याशा टवक्यानं पातं एका बाजूला हलकं होतं, मोटर थरथरते, ती थरथर कॅमेऱ्यापर्यंत जाते आणि व्हिडिओत मंडपाचे खांब लाटेसारखे हलू लागतात. हे दुखणं मोटरीचं समजून मोटर बदलणारे पुष्कळ. आधी शंभर-दीडशे रुपयांची पाती बदलून बघावीत, आणि तीही दोन-दोनच्या जोडीनं. पात्याला गोंद किंवा चिकटपट्टी लावून वेळ मारून नेणाऱ्यांना माझा नमस्कार, पण त्यांच्या ड्रोनखाली मी उभा राहणार नाही. असाच एक हलता व्हिडिओ पुतण्या घरी लावून बघत होता. किल्लारीकडच्या एक पाव्हण्या बसलेल्या होत्या. पडद्यावर मंडप डोलायला लागल्यावर त्या बोलता बोलता थांबल्या. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट पाहिलेल्या माणसाला खांब हललेले दाखवू नयेत. पुतण्यानं तो तुकडा काही न बोलता कापून टाकला.

उन्हाचंही असंच. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा, महिना मे, पारा ४३. ड्रोनसोबतच्या माहितीपत्रकात कमाल तापमान ४० अंश लिहिलेलं असतं, आणि ते आमच्याकडं सकाळी दहालाच होऊन जातं. तापलेली हवा विरळ होते. १५ अंशांच्या मानानं ४५ अंशांची हवा एक दशांश पातळ. तेवढंच वजन उचलायला पात्यांना जास्त वेगानं फिरावं लागतं, मोटर जास्त करंट ओढते, आणि जी हवा तिला गार करणार तीच गरम. लातूर तर नांदेडपेक्षा अडीचशे मीटरहून अधिक उंचावर, तिथं हवा आणखी जराशी हलकी. म्हणून नांदेडला नीट उडालेला ड्रोन लातूरला कुरकुरला तर त्याला जिल्ह्याचा अभिमान समजू नये. आणि उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागं ठेवलेली पाती? ती मऊ पडून किंचित वाकतात आणि मग कधीच सरळ होत नाहीत.

लग्नाच्या या नाजूक ड्रोनचे थोरले भाऊ आता शेतात उतरलेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं बचत गटांतल्या महिलांसाठी 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली. १५ हजार गट, किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाखांचं अनुदान. दहा लिटरची टाकी पोटाशी घेऊन हा ड्रोन सोयाबीनवर फिरतो. याला वाळू-अक्षतांची तेवढी भीती नाही, पण औषधाचा थर पात्यांवर, मोटरीवर वाळतो, म्हणून दर फवारणीनंतर धुऊन पुसून ठेवावा लागतो. बायका ते काम नेटकं करतात. पुरुषांनी फवाऱ्याचा पंप वर्षानुवर्षं कसा ठेवला ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. बॅटऱ्या मात्र झटक्यात उतरतात. वावरात लाइट कधी येईल त्याचा नेम नाही, म्हणून सोबत टेम्पोत जनरेटर. विहिरीवरची मोटर लाइटीची वाट बघते, तिच्या डोक्यावर उडणारीही तीच वाट बघते.

आता आप्पांचं सांगतो. आप्पांचं वायंडिंगचं दुकान नांदेड-लातूर रस्त्यावरच्या एका गावात आहे. दारात पोट उघडलेल्या मोनोब्लॉक, भिंतीला तांब्याच्या तारेची भेंडोळी, हवेत वार्निशचा वास. पुतण्या नांदेडचं एक लग्न आटोपून लातूरला निघाला होता, मी सोबत होतो. घरची पाच एचपीची पाणबुडी आप्पांकडं भरायला टाकलेली, ती घेऊन यायची होती. आदल्या संध्याकाळी ड्रोनची एक मोटर बंद पडली होती, दुसऱ्या दिवशी लातूरला हळदीचं शूटिंग, आणि पुतण्याचा चेहरा उतरलेला. आप्पा गुडघ्यावर स्टेटर घेऊन तार भरत होते.

"आप्पा, हे जरा बघता का?"

"काय हाय?"

"ड्रोन."

"ते दिसू लालंय. झालं काय त्याला?"

"एक मोटर फिरंना गेलीय. नुसती थरथरायलीय."

आप्पांनी हातातला वेढा पुरा केला. मान वर न करता म्हणाले, "फेज गेला."

पुतण्या हसला. "आप्पा, ह्याला फेज नसतोय. बॅटरीवर चालतंय हे."

"वायरी किती हायत मोटरला?"

पुतण्यानं वाकून बघितलं. "तीन."

आप्पा काही बोलले नाहीत. चष्म्यावरून फक्त माझ्याकडं बघितलं.

मग स्टेटर बाजूला ठेवला. "आधी पाती काढ. चारीबी." पुतण्याला ही उगाच कटकट वाटली. आप्पांनी डाव्या हाताची तर्जनी पुढं केली. तिचं टोक पट्ट्यात गेलेलं होतं, कधी काळी. पाती निघाली. आप्पांनी चारी वाट्या एकेक करून बोटानं फिरवल्या आणि कानाशी धरल्या. "बेअरिंग चांगलंय. जाम न्हाई. जळकट वास न्हाई. दुसऱ्या स्टार्टरवर लावून बघितली का?"

पुतण्यानं मोबाइलवर हाच उपाय इंग्रजीत वाचला होता: बिघडलेली मोटर दुसऱ्या हाताच्या पट्टीला जोडून बघायची, दुखणं मोटरीबरोबर गेलं तर मोटर वाईट, जागेवर राहिलं तर पट्टी नाहीतर वायर. त्यात बराच वेळ जाणार होता. आप्पांना घाई नव्हती, पण त्यांच्याकडं जवळचा रस्ता होता. शेजारच्या मोबाइल रिपेअरिंगच्या पोराला बोलावून त्यांनी तिन्ही वायरी पट्टीवरून सोडवून घेतल्या. सोडवायच्या आधी दोऱ्याच्या गाठी मारल्या: पहिलीला एक, दुसरीला दोन, तिसरी मोकळी. नाहीतर परत जोडताना अदलाबदल होऊन मोटर उलटी फिरली असती. मग पहिली आणि दुसरी वायर एकमेकींना टेकवून वाटी फिरवली. वाटी जड झाली, बोटाला अडखळली. पहिली-तिसरी टेकवली, वाटी मोकळी फिरली. दुसरी-तिसरी, मोकळीच. मीटर नाही, दिवा नाही. फिरत्या चुंबकामुळं तारेत करंट तयार होतो, दोन टोकं जोडली असली की तो वाहतो आणि चुंबकाला अडवतो. वाट तुटलेली असेल तर अडवायला कुणी नसतं.

"तिसरी तुटलीय," आप्पा म्हणाले. "आत वायंडिंगमदी न्हाई. हितं." त्यांनी ड्रोनचा हात जिथं घडी घालतो त्या सांध्यावर बोट ठेवलं. रोज घडी, रोज उलगडा. वरचं कव्हर शाबूत, आतली तार तुटलेली. मोबाइलवाल्या पोरानं भिंगाखाली धरून केसाएवढी तार जोडली. पुतण्यानं हळूच विचारलं, आतलंच वायंडिंग गेलं असतं तर भरता आलं असतं का. आप्पांनी वाटीत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "हे भरायचं म्हंजे मुंगीला पैंजण घालायचं."

नाहीतर नवी मोटर मागवावी लागली असती. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे. सुटे भाग येतात, पण दिल्ली-मुंबईहून कुरिअर येईपर्यंत लग्नसराई संपते. म्हणून आमच्याकडची शूटिंगवाली पोरं पडलेला, फुटलेला, उसात सापडलेला कुठलाच ड्रोन टाकून देत नाहीत. एकाच्या मोटरी, दुसऱ्याचे हात, तिसऱ्याचं कव्हर. त्यातला मूळचा ड्रोन कुठला, हे कंपनीलाही सांगता येणार नाही.

पाती न लावताच बॅटरी जोडली. बारीक सुरात टूं-टूं झालं. आप्पा दचकले. "बोलली की!"

"स्पीकर न्हाई आप्पा ह्यात. मोटरच वाजती. तारेतून तसा करंट सोडत्यात."

"आमच्याबी वाजत्यात," आप्पा म्हणाले, "पण जळायच्या आधी."

चारी वाट्या फिरल्या. आप्पांनी कागदाची पट्टी एकेकीला हळूच टेकवून दिशा पाहिली. दोन इकडं, दोन तिकडं. मग पाती लागली, ड्रोन दारासमोर पुरुषभर उंचीवर तरंगला, आणि एव्हाना जमलेल्या पंधरा-वीस जणांपैकी एकानं विचारायचं ते विचारलंच.

पुतण्यानं पाकीट काढलं. "किती द्यायचे, आप्पा?"

"आमचा दर एचपीवर हाय. किती एचपीची?"

पुतण्यानं मघाशी गाडीत मी सांगितलेला हिशेब सांगितला. चारी मिळून एक बटा वीस, म्हणजे एक मोटर एक बटा ऐंशी. आप्पांनी कानावरची पेन्सिल काढून भिंतीवर पाच एचपीचा दर मांडला, त्याला पाचानं भागलं, मग ऐंशीनं. आकड्याकडं बघत बसले.

"च्याबी येत न्हाई की रं ह्याच्यात," ते म्हणाले. "त्यात मी भरली कुठं? नुसतं बघितलं. च्या तू पाज समद्यांला."

चहा झाला. मोबाइलवाल्या पोरानं त्याचे पन्नास रुपये वेगळे घेतले. पाच एचपीची मोटर डिकीत मावली नाही, म्हणून दोघांनी धरून मागच्या सीटवर आडवी घातली, आणि तिचे पैसे आप्पांनी पुरते मोजून घेतले.